सुईशिवाय दिसणारं रक्त

सुरतेत लिंबायत किंवा उधन्याच्या गल्लीत लूमवर काम करणाऱ्या माणसाला डोळ्यांच्या तपासणीला बोलवायचं, तर आधी एक हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. पडदा नीट दिसावा म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसवत नाही. अशा डोळ्यांनी चालत्या लूमवर तुटलेला धागा शोधून गाठ मारता येत नाही, आणि मजुरी तर मीटरवर असते. शिबिराच्या फलकावर 'मोफत' लिहिलेलं असलं तरी त्याचा दिवस गेलेला असतो. रात्रपाळीवाला असला तर झोपही गेलेली असते. वराछ्याकडे हिऱ्याच्या कारखान्यात आयग्लास लावून पैलू तपासणाऱ्या कारागिराचंही तेच.

डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र सुई न टोचता, रंगद्रव्य न देता आणि बऱ्याचदा थेंबही न घालता काढता येऊ लागलं, ही नेत्रवैद्यकातली गेल्या दहा-बारा वर्षांतली मोठी घटना आहे. तिच्यावर जगभर भरपूर लिहिलं जातं. मराठीत मात्र, दवाखान्यातल्या भिंतीवरची पत्रकं सोडली तर, फारसं काही हाती लागत नाही. हा लेख त्यासाठी. यंत्राकडे येतोच, पण माझं म्हणणं वरच्या हिशेबातून निघतं, म्हणून तो आधी मांडला. चित्र काढणं जितकं सोपं होत गेलं, तितका एक प्रश्न अवघड होत गेला आहे: निरोगी डोळा कसा असतो आणि आजारी कसा, हे आपण कुणाच्या डोळ्यांवरून ठरवतो आहोत?

शरीराच्या आतल्या अवयवांमध्ये दृष्टिपटल, म्हणजे बोलीतला डोळ्याचा पडदा, ही एक विलक्षण जागा आहे. गर्भात मेंदू घडत असताना त्याचाच एक भाग पुढे येऊन हा पडदा बनतो. त्याच्यावरच्या धमन्या, शिरा आणि केशवाहिन्या मेंदूतल्या बारीक वाहिन्यांच्या जवळच्या नात्यातल्या. फरक इतकाच की यांच्यापुढे हाड नाही, कातडी नाही. पारदर्शक बुबुळ, भिंग आणि मधला काचरस ओलांडला की त्या समोर असतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, सिकलसेल असे बारीक वाहिन्यांना धरणारे आजार इथे आपली खूण ठेवतात, आणि बऱ्याचदा माणसाला काहीही जाणवायच्या आधी ठेवतात.

हे पाहण्याचं पहिलं साधन जर्मनीत हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जाहीर केलं. त्याआधी बाहुली म्हणजे एक काळं भोक होतं. त्यातून आत उजेड सोडून त्याच वाटेनं परत येणारा उजेड बघायची युक्ती कुणाला साधली नव्हती. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये मार्कस गन यांनी रक्तदाबाच्या रोग्यांत धमनी जिथे शिरेवरून जाते तिथे शीर दबलेली दिसते, हे टिपलं. आज रक्तदाब मोजण्याचा पट्टा प्रत्येक दवाखान्यात असतो. गन यांच्या वेळी तो नव्हता, तरी दाबाचा परिणाम ते डोळ्यात बघत होते. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी पडद्याच्या अवस्थेवरून रक्तदाबाच्या रोग्यांचे चार गट पाडले आणि त्यांचं पुढे काय झालं ते नोंदलं. चौथ्या गटातले बहुतेक रोगी वर्षभरात दगावले. डोळ्यातली खूण आणि माणसाचं आयुष्य यांची सांगड आकड्यांत घालणारं हे काम होतं. आजही या क्षेत्रातल्या संशोधनाचा सांगाडा तोच आहे: आज काय दिसलं, आणि पुढे काय झालं.

मग आली सुई. इंडियाना विद्यापीठात हॅरॉल्ड नोव्होत्नी आणि डेव्हिड आल्व्हिस या वैद्यकाच्या दोन विद्यार्थ्यांनी दंडाच्या शिरेत फ्लुरोसीन हे पिवळं रंगद्रव्य सोडून, निळ्या उजेडात पडद्याचे एकामागून एक फोटो घेतले. रंग वाहिन्यांतून पुढे सरकताना चमकत दिसला. पहिला डोळा आल्व्हिस यांचा स्वतःचा होता. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकानं त्यांचा लेख परत पाठवला, आणि तो १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयविकाराला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक पडद्यावरच्या वाहिन्यांबद्दलचं आपलं बहुतेक ज्ञान याच तपासणीतून आलं. ही तपासणी आजही लागते, आणि जिथे लागते तिथे तिला पर्याय नाही. पण त्यात मळमळ होते, क्वचित उलटी होते, कातडी आणि लघवी दिवसभर पिवळी राहते आणि अगदी विरळा का होईना, जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. हे रोग्याला सांगून करता येतं. पण ज्याला काहीच होत नाही अशा निरोगी माणसाला 'तुलनेसाठी तुमच्या शिरेत रंग सोडू द्या' असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार? त्यामुळे निरोगी माणसांच्या केशवाहिन्यांचं मोठ्या संख्येनं मोजमाप व्हायचं राहूनच गेलं.

ही कोंडी उजेडानं फोडली. १९९१ मध्ये एमआयटीमधल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये ओसीटीचं (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीचं) तंत्र मांडलं. पडद्यावर अवरक्ताजवळचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा उजेड सोडायचा, वेगवेगळ्या खोलीवरून परत येणारे किरण मूळ किरणाशी ताडून बघायचे, आणि पडद्याचा उभा छेद चितारायचा. पाच-सहा मायक्रॉनपर्यंतचे थर त्यात सुटे दिसतात. २०१२ च्या सुमारास याच तंत्रातून वाहिन्या वेगळ्या काढायची रीत पक्की झाली. तिचं नाव ओसीटी अँजिओग्राफी.

रीत समजायला अवघड नाही. सुरतेच्या रिंग रोडवर पुलावर उभं राहून एकाच जागेचे चार-दोन फोटो झटपट घेतले, तर मार्केटच्या इमारती सगळ्या फोटोंत जागच्या जागी असतील आणि वाहनं मात्र प्रत्येक फोटोत वेगळीकडे. फोटो एकमेकांतून वजा केले की उरतो तो रस्ता, कारण हललं ते तिथेच. यंत्र पडद्याच्या एकाच रेषेवरून काही हजारांश सेकंदांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा फिरतं. पेशीजाल स्थिर असतं, हलतात फक्त वाहिन्यांमधल्या तांबड्या पेशी. जिथे दोन नोंदी जुळल्या नाहीत तिथे रक्त वाहतं आहे असं धरून यंत्र तेवढा ठिपका उजळ करतं. असे लाखो ठिपके मिळून जाळं उभं राहतं. रक्तात बाहेरचं काही घालावं लागत नाही. रक्ताची हालचाल हाच रंग.

खुर्चीवरचा प्रसंग एवढाच असतो. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आत दिसणाऱ्या खुणेवर नजर धरायची. तंत्रज्ञ म्हणते, "आबा, एकदा पापणी मिटा... आता उघडा, आणि हलू नका." काही सेकंद जातात. डोळा कोरडा असेल तर तेवढ्यातही चुरचुरतो, पाणी येतं, पापणी पडते आणि चित्रावर आडवी काळी पट्टी उमटते. मग पुन्हा. साधलं की पडद्याच्या मधला तीन मिलिमीटर बाय तीन मिलिमीटरचा चौकोन समोर येतो. काळ्यावर पांढरं जाळं, कडेनं जाडसर फांद्या, आत येता येता केसाहून बारीक, आणि अगदी मध्यात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं रिकामं काळं वर्तुळ. तिथे वाहिनी नाही, आणि नसावी हीच निसर्गाची योजना: वाचायला, धागा ओवायला, पैलू पारखायला लागणारी सर्वांत तीक्ष्ण नजर त्या मोकळ्या जागेतून मिळते. मधुमेहात या वर्तुळाची कड खाल्ल्यासारखी होते, ते वेडंवाकडं वाढतं आणि भोवतीच्या जाळ्यात टाके सुटल्यासारखी भोकं दिसू लागतात. पुढे खोलीचा पट्टा सरकवला की त्याच जागेचं खालच्या थरातलं दुसरं जाळं दिसतं. रंगद्रव्याच्या तपासणीत हे दोन थर एकमेकांवर पडून एकच दिसायचे. मला या तंत्राचं सर्वांत मोठं देणं तेच वाटतं: कोणत्या थरातलं रक्त आधी आटतं, हा प्रश्न आता विचारता येतो.

उत्साहाच्या भरात या तपासणीच्या उणिवा मागे पडतात, आणि संशोधनाचा खरा कस तिथेच लागतो. रक्त फार मंद वाहत असेल तर यंत्राच्या लेखी ते नाहीच. वाहिनी असूनही जागा काळी येते. वाहिनीतून पाझरणारा द्रव, जो रंगद्रव्याच्या तपासणीत झळाळून दिसतो, तो इथे दिसत नाही. वरच्या जाड वाहिनीची सावली खालच्या थरावर पडून तिथेही वाहिनी असल्याचा भास होतो. मोतीबिंदू असला, काचरस गढूळ असला, तर उजेड कमी परततो आणि निरोगी जाळंही विरळ मोजलं जातं. लांब डोळ्यात, म्हणजे जास्त ऋण नंबरच्या माणसात, चित्राचं प्रमाणच बदलतं. एका कंपनीच्या यंत्रावर मोजलेली वाहिन्यांची घनता दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरच्या आकड्याशी सरळ ताडता येत नाही. आणि एका माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन माणसं नव्हेत. शंभर डोळे तपासले असं लिहिणाऱ्या लेखात पन्नासच माणसं असतील, तर आकडेमोडीत ते धरावं लागतं. सरावलेला परीक्षक लेख हातात घेतल्यावर निष्कर्षाकडे जायच्या आधी हेच बघतो: किती चित्रं खराब म्हणून बाजूला काढली, आणि ती कुणाची होती. बाजूला पडणारी चित्रं बहुधा म्हाताऱ्यांची, मोतीबिंदूवाल्यांची, नजर स्थिर धरता न येणाऱ्यांची असतात. म्हणजे जे जास्त आजारी, तेच गळतात.

इथून सुरतेकडे वळतो.

या शहराची माणसं कुठून कुठून आली आहेत हे नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांवरून कळतं. महापालिका सात माध्यमांत शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. उधना, लिंबायत, दिंडोली, गोडादरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तापीच्या काठानं जाणाऱ्या भुसावळच्या गाडीनं खानदेश सुरतेला जोडला. लूमवर त्यांच्या शेजारी गंजामचे उडिया कामगार, हिऱ्यात सौराष्ट्राची माणसं, आणि जिल्ह्याच्या पूर्वेला मांडवी, उमरपाड्याकडे वसावा, गामीत, चौधरी आदिवासी. वैद्यकीय संशोधनाला इतकी वेगवेगळी माणसं एका शहराच्या आवाक्यात मिळणं सोपं नाही. हे लक्षात घेतलं की निरोगी डोळ्याचे यंत्रात भरलेले मानदंड का अपुरे पडतात ते उमजतं. ते मानदंड यंत्राच्या कंपन्यांनी निवडक ठिकाणच्या काही शे माणसांवरून बांधलेले असतात. मधल्या काळ्या वर्तुळाचा आकार निरोगी माणसांतही खूप बदलतो. वय, डोळ्याची लांबी, वंश, सगळ्याचा त्यात हात असतो. लिंबायतच्या मावशीचा आकडा त्या कोष्टकात लाल रंगात आला, तर तो आजार आहे की कोष्टकात तिच्यासारखं कुणी नव्हतं, हे त्या एका चित्रावरून सांगता येत नाही.

सिकलसेलच्या बाबतीत तर हा प्रश्न दक्षिण गुजरात आणि नंदुरबारच्या दारातच उभा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. या आजारात तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला की एकमेकांना चिकटून कडक होतं, आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी सिकलसेलचं पहिलं वैद्यकीय वर्णन छापलं. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये ती आढळली. पुढे गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात ती सर्वत्र असल्याचं दिसून आलं. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागात या आजारावर आयुष्यभर काम केलं, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांना दक्षिण गुजरातेतल्या याच कामासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. सीमा राज्यांची आहे, आजाराची नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या कुटुंबांत रक्ताची नाती आहेत.

डोळ्यात सिकलसेल काय करते, हे बराच काळ पडद्याच्या कडेला बघून ठरवलं जात होतं. १९७१ मध्ये अमेरिकेत मॉर्टन गोल्डबर्ग यांनी त्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. कडेच्या वाहिन्या बंद पडतात, धमनी आणि शीर यांच्यात आडमार्ग तयार होतात, मग समुद्रपंख्याच्या आकाराचे नवे नाजूक झुबके फुटतात, त्यातून रक्तस्राव होतो, शेवटी पडदा सुटतो. ओसीटी अँजिओग्राफी आली तेव्हा दिसलं की आजार पडद्याच्या मध्यालाही सोडत नाही. कानशिलाच्या बाजूला, वाहिन्यांच्या दोन फांद्यांच्या टोकांमधल्या पट्ट्यात, खालच्या थरातलं जाळं ठिकठिकाणी विझलेलं असतं, आणि तिथे पडदा पातळ झालेला असतो. हे सहा बाय सहा नजर असलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या तरुणांतही दिसतं. कारणही पटण्यासारखं आहे. खालच्या थरात प्राणवायू आधीच बेताचा, आणि त्या पट्ट्याला रक्त पुरवणारी दुसरी वाट नाही. वाकलेल्या पेशीला अडकायला याहून सोयीची जागा कुठली?

ही निरीक्षणं मुख्यतः अमेरिकेतली आणि युरोपातली, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या रोग्यांवरची. सिकलसेलच्या डोळ्याबद्दल जगाला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग जमैकातून आला. तिथे १९७३ पासून जन्मतःच निदान झालेल्या मुलांना मोठेपणीपर्यंत पाहत राहण्याचं काम ग्रॅहॅम सर्जंट यांच्या नेतृत्वाखाली झालं. तिथे डोळ्याचा गंभीर आजार जास्त आढळतो तो हिमोग्लोबिन एस आणि सी अशी जोडी असलेल्यांत. आपल्याकडच्या आदिवासींमध्ये हिमोग्लोबिन सी जवळजवळ नाहीच. उलट इथल्या सिकलसेलच्या जनुकाभोवतीचा पट वेगळा आहे, त्याला अरब-भारतीय म्हणतात, आणि त्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं. ते पेशीला वाकण्यापासून काही प्रमाणात अडवतं, म्हणून आजार सरासरीनं सौम्य मानला जातो. पण सरासरी सौम्य म्हणजे डोळा सुरक्षित, असं कुणी गृहीत धरू नये. पडद्याच्या मध्यातलं जाळं इथल्या मुलांत कोणत्या वयात विझू लागतं, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केल्यावर ते थांबतं का, थकलेल्या, झोपाळलेल्या मुलाची चित्रं किती विश्वासार्ह असतात, हे प्रश्न उमरपाडा आणि अक्राणी-धडगावच्या मुलांवरच सोडवावे लागतील. जमैकाच्या आकड्यांनी ते सुटणार नाहीत.

मधुमेहाची गोष्ट संख्येनं कितीतरी मोठी आहे, पण तिच्याबद्दल लोकांना बरंच ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्याआधी २०२२ मध्ये 'स्मार्ट इंडिया' या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा आढळल्या, आणि ४ टक्क्यांची दृष्टी धोक्यात होती. एवढ्या लोकांचे पडदे बघायला देशात नेत्रतज्ज्ञ पुरणार नाहीत. मुंबईत या अडचणीवर काम झालं. धारावीच्या वस्तीत आदित्य ज्योत रुग्णालयानं घरोघरच्या मधुमेहींचे डोळे तपासले. पुढे २०१८ मध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या २३१ मधुमेहींच्या पडद्यांचे फोटो एका आरोग्यसेविकेनं स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्यानं काढले, आणि त्याच फोनमधल्या प्रणालीनं इंटरनेटशिवाय त्यांची छाननी केली. डॉ. सुंदरम नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवेत असे सगळे रोगी प्रणालीनं ओळखले. ज्यांना पाठवायची गरज नव्हती त्यांच्यापैकी सुमारे ८८ टक्के बरोबर वगळले. तो साधा फोटो होता, वाहिन्यांचं खोलवरचं जाळं नव्हे. तरी मला हा अभ्यास जवळचा वाटतो तो त्याच्या जागेमुळे. माणसाला रुग्णालयात खेचून न नेता, तो औषधाला येतो त्या दवाखान्याच्या बाकावरच तपासणी झाली. उधन्यातल्या महापालिकेच्या आरोग्यकेंद्रात असं करायला कुठलाही नवा शोध लागायची वाट पाहायला नको.

पडद्याच्या फोटोवरून हृदयविकाराचा धोका ओळखण्याचे दावे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असतील. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पावणेतीन लाखांहून जास्त माणसांच्या फोटोंवर शिकवलेल्या प्रणालीनं वय, रक्तदाब, धूम्रपान, इतकंच काय पण माणूस स्त्री आहे की पुरुष हेही पडद्यावरून ओळखलं. नेत्रतज्ज्ञांना हे शेवटचं आजवर कधी दिसलं नव्हतं. काम विस्मयकारक आहे. पण त्यातले काही फोटो ब्रिटनच्या यूके बायोबँकेतले होते, आणि बायोबँकेत आपणहून येणारी माणसं ब्रिटनच्याही सर्वसाधारण माणसांहून निरोगी आणि सुस्थितीतली आहेत, असं तिच्यावर काम करणारेच सांगतात. लूमच्या आवाजात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचा धोका त्यावरून मांडू नये.

मग या माणसाला खुर्चीवर बसवायचं कसं? कायद्याची चौकट आहे. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करायची सोय २००७ पासून आहे, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना ती सक्तीची झाली. आयसीएमआरनं २०१७ मध्ये संशोधनाच्या नीतीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात भाग घेणाऱ्याच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च भरून देण्याची तरतूद आहे. पण तपासणी बिनत्रासाची म्हटली की या तरतुदींकडे हात आखडतो. 'सुई नाही, औषध नाही, फक्त फोटो' असं म्हणून संमतिपत्रावर अंगठा घेतला जातो. पण पडद्याच्या चित्रात पुष्कळ काही असतं, हे वरच्याच परिच्छेदात आलं आहे. त्यावरून वय कळतं, दाब कळतो, आजाराची चाहूल लागते, आणि वाहिन्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असल्यानं माणूसही ओळखता येतो. असा फोटो दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे जाणार असेल, त्यावरून विकाऊ प्रणाली बनणार असेल, तर ते त्याला आधी समजलं पाहिजे. तपासणीत भलतंच काही निघालं तर कुणी सांगायचं, किती दिवसांत, उपचार कुठे मिळणार, हेही त्याच कागदावर हवं.

हा कागद गुजराती आणि इंग्रजीत छापून भागत नाही. लिंबायतमध्ये मराठी लागते. मराठीतही पुण्याच्या छापाची शासकीय वाक्यं घरात अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंना तोंडपाठ करवली तरी उमजणार नाहीत. "माय, हाई फोटो डॉक्टर ठेवतीन, चालई का?" असं समोर बसून विचारणारं कुणीतरी लागतं. सुरतेत असं विचारू शकणाऱ्या परिचारिका, आशा, शिक्षक भरपूर आहेत. १९९४ च्या प्लेगनंतर या महापालिकेनं रोजच्या रोज आजारांची नोंद ठेवायची शिस्त लावून घेतली आणि ती टिकवली. घरोघर जाणारं मनुष्यबळ तिच्याकडे आहे. संशोधकांनी त्यांना शेवटी फॉर्म भरायला बोलावण्याऐवजी अभ्यास आखतानाच सोबत घ्यावं असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

कारण अभ्यास आखतानाच त्यांच्याकडून कळेल की अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, निम्मी लिंबायत खानदेशात असते, लग्नसराईत पुन्हा जाते, आणि दिवाळीला हिऱ्याचे कारखाने बंद झाले की वराछा सौराष्ट्राकडे निघतो. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणून दिलेली तारीख अक्षय्यतृतीयेच्या आठवड्यात पडली, तर माणूस येणार नाही, आणि अभ्यासाच्या तक्त्यात तो 'पाठपुरावा सुटला' असा लिहिला जाईल. चूक तारीख देणाऱ्याची आहे. असे सुटलेले रोगी वाढले की उरतात ती कायम शहरात राहणारी, बरी परिस्थिती असलेली माणसं, आणि निष्कर्ष त्यांच्या बाजूला झुकतो. तपासणी कामाच्या वेळेबाहेर, पाळी बदलायच्या सुमारास, थेंब न घालता करता आली तर बरेच जण परत येतील. ओसीटी अँजिओग्राफीनं ही सवड दिली आहे, ती वापरली पाहिजे.

आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चिकित्सात्मक संशोधनाचा मोठा वाटा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा असतो. ही मुलं ओपीडी, शस्त्रक्रिया आणि रात्रीच्या ड्यूट्या सांभाळून तीन वर्षांत प्रबंध पुरा करतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तीन वर्षांच्या मुदतीत होऊ शकतं ते एका वेळचं चित्र: इतके रोगी, इतके निरोगी, इतका फरक. कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी विचारलेला प्रश्न, पुढे काय झालं, त्यात मावत नाही. सिकलसेलच्या मुलांना तर तोच प्रश्न हवा आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करायचं ठरलं. त्यातून मांडवी, उमरपाडा, नवापूर, धडगावच्या हजारो मुलांच्या हाती निदानाचं कार्ड येईल. अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा मुलाचा पडदा दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी तपासायचा असतो. कार्डाबरोबर पडद्याचं पहिलं चित्र, मग बाराव्या वर्षी दुसरं, चौदाव्या वर्षी तिसरं, सगळी एकाच जातीच्या यंत्रावर, एकाच ठरलेल्या पद्धतीनं, असं दहा वर्षं चाललं तर इथल्या डोळ्यांचं खरं उत्तर मिळेल. त्या काळात निदान तीन-चार विद्यार्थी प्रबंध पुरे करून निघून जातील, यंत्राचं सॉफ्टवेअर बदलेल, आणि मुलगा कदाचित लूमवर कामाला सुरतेत आलेला असेल. म्हणून नोंदवही विद्यार्थ्याच्या नावावर न ठेवता विभागाच्या नावावर ठेवावी, तिची एक प्रत जिल्हा रुग्णालयात असावी, मुलाच्या कार्डावर तिचा क्रमांक असावा, आणि सुरत, तापी नि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो क्रमांक चालावा.